आज 'ओले' आहे, बी पेरायचं नाही! हवाईच्या चंद्ररात्री शिकताना

समुद्रकाठी

आमच्या फ्रिजवर दोन कॅलेंडरं आहेत. एक आई दर दिवाळीत पाठवते ते, मागच्या बाजूला राशिभविष्य आणि पाककृती छापलेलं. दुसरं इथलं, मत्स्य परिषदेने छापलेलं, तीस चौकोनांत तीस चंद्र. आम्ही ओआहू बेटावर कानेओहे गावात राहतो, चार वर्षं झाली. गेलं दीड वर्ष मी त्या दुसऱ्या कॅलेंडरप्रमाणे दिवस घालवायचा प्रयत्न करते आहे. त्याबद्दल लिही लिही असं इथल्या दोघीतिघींनी सांगितलं, म्हणून हा धागा.

या मोजणीचं नाव काउलाना माहिना. माहिना म्हणजे चंद्र, आणि महिनाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उडालेच. पण हा निव्वळ योगायोग आहे, कृपया यावरून कुणी 'बघा, आपलेच लोक तिथे गेले होते' सुरू करू नका. त्यांचा शब्द पॉलिनेशियातल्या 'मासिना'वरून आलाय, आपल्याशी नातं नाही.

इथे मोजतात त्या रात्री. रात्र म्हणजे पो. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. सात दिवसांचा आठवडा मुळात नव्हताच. दहा-दहा रात्रींचे तीन भाग होते: होओनुई म्हणजे वाढता, पोएपोए म्हणजे गोल, होओएमी म्हणजे घटता. प्रत्येक रात्रीला नाव. पहिली हिलो, पिळलेल्या दोऱ्यासारखी बारीक कोर. मग होआका. मग चार 'कू' रात्री: कूकाही, कूलुआ, कूकोलू, कूपाउ. काही-लुआ-कोलू म्हणजे एक-दोन-तीन, आणि पाउ म्हणजे संपलं. हे कळल्यावर तीस नावं पाठ करायचा धसका निम्मा गेला, कारण ओले, लाआउ आणि कालोआ याच पद्धतीने मोजतात. मधल्या हूना, मोहालू, हुआ, आकुआ, होकू, माहेआलानी, कुलू पाठच कराव्या लागतात. शेवटी काने, लोनो, माउली, मुकू. (माउली! पण तिथे तिचा अर्थ आपल्यासारखा मायेचा नाही, चंद्र विझत आल्याची रात्र.) मुकू म्हणजे तुटलेला, चंद्र नाहीच. मी मनात 'चंद्राला मुकलो' असं लक्षात ठेवलंय.

सुरुवातीला मी जे केलं ते हसण्यासारखं आहे. पंचांगाचं अ‍ॅप काढलं, तिथीसमोर रात्रीचं नाव लिहिलं, एक्सेलमध्ये तक्ता केला, रंग भरले. शनिवारी हेएयाच्या जुन्या मत्स्यतळ्यावर आम्ही काही जण भिंतीचे दगड लावायला जातो, तिथल्या आंटीला (इथे मोठ्या बाईला सगळे आंटीच म्हणतात, आपल्यासारखंच) अभिमानाने दाखवला. तिने बघितला, छान म्हणाली आणि विचारलं, 'काल रात्री चंद्र कुठे होता?'

मला सांगता आलं नाही.

त्या दिवसापासून अ‍ॅप बंद आणि वही सुरू. रोज चार ओळी: चंद्र दिसला का, कुठे, वारा कुठून, समुद्र कसा, कुठलं झाड फुललं. याला इथे किलो म्हणतात, बघत राहणे. किलोचा हा अर्थ नवऱ्याला अजून पचलेला नाही. मी 'किलो करून येते' म्हटलं की तो 'किती?' विचारतो.

वहीमुळे पहिली गोष्ट कळली ती ही, की आमच्या घरातून हिलो दिसूच शकत नाही. कोर मावळतीला असते आणि आमच्या पश्चिमेला कोओलाउचा डोंगर उभा, सरळ भिंतीसारखा. चंद्र आमच्याकडे समुद्रातून वर येतो, तो सोहळा बघावा असा. मावळताना मात्र डोंगर त्याला लवकर गिळतो. म्हणजे माझा महिना माझ्या डोळ्यांनी कधी सुरूच होत नाही! तेव्हापासून अमावास्येनंतरच्या संध्याकाळी जमलं तर गाडी काढून पाली घाट ओलांडायचा आणि पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं. वीस-पंचवीस मिनिटं. अर्ध्या वेळा ढग असतात.

विचारा काय विचारायचं ते. मी शिकाऊ आहे, जाणकार नव्हे.

आजीची_कवडी

वाचतेय. नावं किती गोड आहेत. पण 'ओले' म्हणजे पावसाचे दिवस का? शीर्षक वाचून तेच वाटलं.

समुद्रकाठी

हाहा, मलाही तेच वाटलं होतं. ओले म्हणजे नाही, रिकामं. महिन्यात दोनदा येतात: शुद्ध सप्तमीच्या आसपास चार रात्री आणि वद्य पक्षात तीन. या दिवसांत लावणी करू नये, मासेमारीला जाऊ नये, नवं काही काढू नये. तण काढा, जाळी दुरुस्त करा, अवजारं घासा.

रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त उपयोग मला याचाच झाला. मी घरून हिशेबाचं काम करते. ओले आलं की नवं काम हातात घेत नाही. राहिलेली बिलं, न दिलेली उत्तरं, मिक्सरच्या भांड्याचं सैल झालेलं पातं, उसवलेला परकर, हे सगळं तेव्हा. महिन्यातले सात दिवस 'आज काही नवं करायचं नाही' अशी रीतसर परवानगी असणं म्हणजे काय सुख आहे, ते यादी करणाऱ्या बायकांनाच कळेल.

शंकासुर

माझं नाव वाचून कंटाळला असाल तरी विचारतो. चंद्राच्या कलेने बी उगवतं याला आधार काय? आजोबा वद्य पक्षात बांबू तोडायचे, कीड लागत नाही म्हणून. मी दोन्ही पक्षांत तोडून पाहिलाय, कीड दोन्हीकडे सारखीच इमानदार. आणि 'नवं काम करू नका' हे तर राहुकाळाचं हवाई भावंड झालं.

वेंगुर्लेकर

शंकासुर, बियांचा मला माहीत नाय, पण ओले दिवसांचा गणित मला सरळ दिसता. सप्तमी-अष्टमी म्हणजे भांग, कमी भरतीचे दिवस. कोकणात शाळकरी पोराला पण ठाऊक आहे, अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या मागेपुढे भांग. भांगात पाण्याला ओढ नसते. डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं, ओढ नसली की जाळं नुसतं लोंबकळत राहतं. आमचे बाबा भांगात जाळी विणत बसायचे. त्यांनी हवाईचं नाव पण ऐकलं नव्हतं.

समुद्रकाठी ताई, तिकडे भरतीचा हिशोब कसा करतात? आमच्याकडे तिथीची पाऊणपट. चौथ असेल तर तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. मुंबईपासून खाली थोडंफार मागेपुढे.

समुद्रकाठी

वेंगुर्लेकर, तुमच्या या प्रतिसादासाठीच धागा काढला होता बहुधा! ओले म्हणजे भांग, हे मला दीड वर्षात सुचलं नव्हतं.

तिथीची पाऊणपट मी इथे करून पाहिली, साफ फसली. इथली भरती अनियमित, दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. शिवाय भरती-ओहोटीतला फरक फारच कमी, होनोलुलूत जेमतेम दोन-तीन फूट. मुंबईच्या पंधरा-सोळा फुटांच्या उधाणाची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं की समुद्र आजारी आहे. त्यामुळे इथे भांगाची ओढ हे एकच कारण पुरणार नाही. ओले रात्री समुद्र खवळतो असं जुने लोक सांगतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या लाटा इतक्या मोठ्या असतात की दोन फुटांची भरती त्यात कुठे हरवते कळत नाही.

कू रात्रींना मात्र ओहोटी चांगली लागते, खडकाचे कट्टे उघडे पडतात. तेव्हा लोक लिमू, म्हणजे खायचं शेवाळ, काढायला जातात. तुमच्याकडची कालवं काढायची गडबड आठवा, तसंच. आणि अंधाऱ्या रात्री पूर्वी कुकुईच्या तेलकट बियांच्या मशाली घेऊन खडकावर मासे आणि ऑक्टोपस टिपत. कुकुई म्हणजे आपल्याकडे ज्याला रानअक्रोड म्हणतात तो.

शंकासुर, बियांबद्दल तुमच्याशी भांडायला माझ्याकडे काही नाही. हुआ रात्रीला फळझाडं, कारण हुआ म्हणजे फळ, अंडं, बी. हूना म्हणजे लपलेलं, तेव्हा कंद. कालोआला ऊस, केळी, बांबू अशा लांब वाढणाऱ्या गोष्टी. यात शब्दाचा खेळ किती आणि अनुभव किती, मला वेगळं करता येत नाही. माझ्या कुंड्यांतली मिरची हुआला लावली होती, तिच्यावर पांढरी माशी पडली. पण चंद्र आणि समुद्र यांच्याबद्दल शंका असेल तर खालच्या दोन गोष्टी बघा.

पहिली: वाइकीकी आणि हनाउमाच्या किनाऱ्यावर पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी पेटीच्या आकाराचे विषारी जेलीफिश येतात. दर महिन्याला. जीवरक्षक फलक लावतात. वहीत मोजलं तर ते दुसऱ्या ओलेच्या शेवटी आणि कालोआच्या पहिल्या रात्रींना पडतं. मी त्या दिवसांत पोरांना दक्षिणेच्या किनाऱ्यावर पाण्यात सोडत नाही.

दुसरी जास्त सुंदर आहे. आमच्याच कानेओहेच्या उपसागरात एक प्रवाळ आहे, तांदळाच्या दाण्यासारखे उंचवटे असलेलं. उन्हाळ्याच्या महिन्यांत अमावास्येनंतरच्या पहिल्या दोन-तीन रात्री, पावणेनऊ-नऊच्या सुमाराला, ते एकाच वेळी आपली बीजं पाण्यात सोडतं. बारीक गुलाबीसर गोळ्यांचा उलटा पाऊस, खालून वर. मोकू ओ लोए नावाच्या बेटावरच्या सागरी संशोधन संस्थेतले लोक याच रात्रींची वाट बघून नमुने गोळा करतात. घड्याळ नसलेल्या, डोळे नसलेल्या जिवाला हिलो कळते! कुमुलिपो या त्यांच्या उत्पत्तीच्या दीर्घ मंत्रात सगळ्यात आधी जन्मतं ते प्रवाळ. मी काही सिद्ध करत नाहीये, फक्त शेजारी शेजारी ठेवतेय.

शंकासुर

प्रवाळ मान्य. जेलीफिश मान्य. मिरची अमान्य, पण ती तुम्हीच अमान्य केलीत. राहुकाळाची तुलना मागे घेतो, भांगाचा मुद्दा चांगला आहे.

मांडवीतीर

गोव्यातून. तुम्ही हेएयाचं मत्स्यतळं म्हणालात, त्याबद्दल जरा लिहा ना. आमच्याकडे खाजन शेतं आहेत, खाडीला बांध आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दार. भरती-ओहोटीच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप उघडतं-मिटतं. अमावास्या-पौर्णिमेच्या रात्री मानशीला जाळं लावून मासे धरतात, तो हक्क लिलावात जातो. तुमचं तळं ऐकून मला मानसच दिसली.

समुद्रकाठी

मांडवीतीर, जवळजवळ तेच आणि तरीही उलटं! हेएयाचं तळं ८८ एकरांचं आहे, भोवती सव्वा मैलाची दगडी भिंत, काही शतकांपूर्वी बांधलेली. भिंतीत माकाहा नावाचे दरवाजे. पण ते उघडत-मिटत नाहीत. उभ्या काठ्यांची जाळीसारखी चौकट पक्की बसवलेली असते. बोटाएवढी पिल्लं फटींतून आत येतात, आतलं शेवाळ खाऊन पोसतात आणि मग परत जायला मावत नाहीत. भरतीचं ताजं पाणी आत येऊ लागलं की मोठे मासे आपणहून दाराशी गर्दी करतात. तेव्हा जाळं.

तिथे मुख्य मासा बोय, इकडे त्याला आमाआमा म्हणतात. आणि मोई. मोई म्हणजे आपल्या रावसाचा जवळचा नातेवाईक, गळ्याखाली तसेच दोरे. पूर्वी तो आलीईंचा, म्हणजे सरदारांचा मासा, सामान्यांच्या ताटात नाही. आज सरकारी नियमाने बोय डिसेंबर ते मार्च आणि मोई जून ते ऑगस्ट पकडायला बंदी आहे, अंड्यांचा काळ म्हणून.

वेंगुर्लेकर

आमची १ जून ते ३१ जुलै. पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत कोण उतरायचाच नाही, कायदा नसताना. आता कायदा आहे आणि लोक उतरतात. असो. रावस वाचून भूक लागली.

नागपुरी_संत्रं

समुद्र नसलेल्यांनी काय करायचं? भरती-ओहोटी आम्ही फक्त बातम्यांत बघतो.

समुद्रकाठी

एक गंमत सांगते. होनोलुलू आणि नागपूर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. म्हणजे आकाश आपलं सारखंच, शून्य सावलीचे दिवससुद्धा मे आणि जुलैत जवळजवळ त्याच तारखांना. फरक आहे तो वेळेचा. आमचा सूर्यास्त तुमच्यानंतर पावणेसोळा तासांनी होतो, तारीख तीच. त्यामुळे तुम्हाला ज्या संध्याकाळी कोर दिसली नाही, तीच तारीख इथे उजाडून मावळेपर्यंत चंद्र जवळजवळ सोळा तासांनी मोठा झालेला असतो आणि कधीकधी दिसतो. माझा एक्सेलचा तक्ता एक रात्र इकडे-तिकडे का जात होता, ते यातून कळलं. दुसरं कारण असं, की तिथी ही चंद्र-सूर्यातल्या अंतरावर चालते, दिवसा दुपारीही बदलते, क्षय होते, वृद्धी होते. पो ही एक रात्र असते, बस. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे कधी एकोणतीसच रात्री हाती लागतात. मग शेवटचं एखादं नाव गळतं. आमच्या गटात मुकू गाळतात. दुसऱ्या बेटावर वेगळं करत असतील, त्यावरून कुणी डोकं फोडत नाही.

कृत्तिका_नक्षत्र

सदस्यनामामुळे मला इथे बोलायचा हक्क आहे असं समजते. :) त्यांच्या वर्षाची सुरुवात कृत्तिकांवरून होते असं वाचलंय. खरं का?

समुद्रकाठी

खरं! या प्रश्नाची वाटच बघत होते.

कृत्तिकांचं नाव माकालीई. पावसाळ्याच्या तोंडाशी माकालीई सूर्यास्ताला पूर्वेकडून वर येताना दिसले, की त्यानंतरच्या चंद्रापासून माकाहिकी सुरू. साधारण नोव्हेंबर. लोनो देवाचा काळ, चार महिने. युद्ध बंद, मुष्टियुद्ध आणि दगडी चकत्या घरंगळवण्याचे खेळ सुरू. लोनोचं चिन्ह घेऊन बेटाला प्रदक्षिणा, गावोगाव शेतीचा वाटा गोळा करत. कॅप्टन कुक जानेवारी १७७९ मध्ये केआलाकेकुआच्या उपसागरात शिरला तो याच काळात. त्याला लोनो समजले का, यावर विद्वानांचे दोन तट आहेत, मी त्यात पडत नाही. फेब्रुवारीत डोलकाठी मोडून तो परत आला आणि १४ तारखेला मारला गेला.

आता गंमत बघा. कार्तिक पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांपाशी असतो, म्हणूनच महिन्याचं नाव कार्तिक. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो. म्हणजे त्याच दिवसांत कृत्तिकाही सूर्यास्ताला उगवतात. आई त्रिपुरी पौर्णिमेला तुळशीपाशी त्रिपुरवात लावते आणि इकडे लोक माकालीई आले का बघायला समुद्रावर उभे असतात. एकाने दुसऱ्याकडून घेतलेलं नाही. दोघांनी तेच आकाश बघितलं. मागच्या वर्षी कानेओहेच्या किनाऱ्यावर त्या संध्याकाळी मी पणती लावून बसले होते. शेजारच्या माणसाने विचारलं हे कशासाठी, तर मी सांगितलं, 'माकालीईसाठी.' अर्धसत्य.

आजीची_कवडी

लोनोच्या चिन्हाचा फोटो बघितला. लांब काठी, आडवी फळी, खाली लोंबणारं पांढरं कापड. अगं, ही तर गुढी!

समुद्रकाठी

दिसते खरी. मलाही पहिल्यांदा गलबलून आलं होतं. पण माहिना-महिन्यासारखंच, नुसतं दिसणं. तिथेच थांबू या.

मुक्ताई_९

उपास असतात का? आमच्याकडे चतुर्थी, एकादशी, प्रदोष, महिन्याचे निम्मे दिवस साबुदाण्यावर.

समुद्रकाठी

उपास नाहीत, पण पूर्वी महिन्यात चार कापू काळ असत: कूचा, हुआचा, कानालोआचा आणि कानेचा. देवळातल्या विधींचे दिवस, तेव्हा कामावर आणि वागण्यावर कडक बंधनं. डेव्हिड मालो हा लाहाइनालुनाच्या शाळेत शिकलेला हवाईयन माणूस, १८५३ मध्ये वारला. त्याने हे लिहून ठेवलं म्हणून आज इतकं नेमकं माहीत आहे. कापूची सगळी व्यवस्था १८१९ मध्ये राजाने आणि काआहुमानूने, म्हणजे आधीच्या राजाच्या राणीने, मोडली. बायका-पुरुषांनी एका पंगतीत बसून जेवायचं, एवढ्याने ती मोडली! मिशनरी त्यानंतरच्या वर्षी आले.

संकष्टीचं म्हणाल तर ती साधारण लाआउ रात्रींत येते. लाआउ म्हणजे झाड, लाकूड, औषधही. त्या रात्रींना औषधी पाला गोळा करत. मी संकष्टी करतेच, सवयीने. चंद्रोदयाची वाट बघत गॅलरीत उभी राहते, तेव्हा दोन्ही कॅलेंडरं एकाच वेळी चालू असतात. खरं तर चंद्र कधी उगवेल याची वाट बघायला मला आजीने आधीच शिकवलं होतं. फक्त महिन्यातून एकदा.

सरळमार्गी

एक खटकतंय ते स्पष्ट लिहितो. तिथल्या मूळ लोकांचं राज्य गेलं, जमीन गेली, भाषा गेली. आता बाहेरून आलेल्यांनी त्यांचं कॅलेंडर फ्रिजवर लावून 'सजगपणे जगणं' वगैरे करावं, हे जरा त्या महागड्या योगवर्गांसारखं नाही का? आपला योग लोक विकतात तेव्हा आपण चिडतो.

समुद्रकाठी

खटकायलाच हवं. मलाही खटकतं, म्हणून उत्तर लांब देते.

१८९३ मध्ये राणीचं राज्य उलथवलं, १८९६ च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषेत शिकवणं बंद झालं, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं खालसा केली. त्यानंतर दोनतीन पिढ्या घरात बोलायला घाबरल्या. चंद्राच्या रात्रींची नावं त्यातून टिकली ती काही म्हाताऱ्या कोळ्यांच्या तोंडी आणि जुन्या वर्तमानपत्रांत. १८३४ ते १९४८ या काळात हवाईयन भाषेत लाखाहून जास्त पानं छापली गेली आहेत, लोक आज ती चाळून हे ज्ञान परत वर काढतायत. १९७८ मध्ये भाषा राज्याची अधिकृत भाषा झाली, १९८४ मध्ये पहिली पूनाना लेओ बालवाडी निघाली. पूनाना लेओ म्हणजे आवाजाचं घरटं. माझ्या धाकट्याच्या वर्गातली हवाईयन मुलं तीस रात्रींची नावं तालावर म्हणतात, आपले पाढे तशी.

आंटीला मी हेच विचारलं होतं, की मी हे करू का. ती म्हणाली, तू इथलं पाणी पितेस, इथला अळू खातेस, मग इथला चंद्र कुणाचा बघणार? पण दगड उचलायला शनिवारी ये. म्हणजे फुकट नाही. आणि शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हे मी माझ्यापुरतं ठरवलंय. हा धागासुद्धा वर्ग नव्हे.

अळूवरून: कालो म्हणजे आपला अळूच. फदफद्याची पानं नाही, त्याचा कंद मुख्य, तो कुटून पोई करतात. त्यांच्या कथेत आकाशपिता वाकेआला पहिलं मूल मृत झालं, ते पुरलं तिथून कालो उगवला. दुसरं मूल झालं तो माणूस. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. थोरल्या भावासमोर भांडायचं नाही, म्हणून पोईचं भांडं उघडं असताना घरात वाद घालत नाहीत. आमच्याकडे अळूच्या फदफद्यावर हा नियम लावून बघितला, आंबटपणावरून पहिल्या घासालाच मोडला.

सरळमार्गी

उत्तर पटलं. दगडाचा भाग विशेष.

मांडवीतीर

रात्रींखेरीज झाडांवरूनही काही ठरवतात का? आमच्याकडे पांगारा फुलला की अमुक, असं आजी म्हणायची.

समुद्रकाठी

पांगाराच घ्या! इथला विलिविली म्हणजे पांगाऱ्याचा भाऊ. 'पुआ का विलिविली, नानाहू का मानो', विलिविली फुलला की शार्क चावतो. तो फुलतो उन्हाळ्याच्या अखेरीस, तेव्हा शार्क माद्या पिल्लं घालायला किनाऱ्याकडे येतात. आणि 'पाला का हाला, मोमोना का हाउकेउके': हाला पिकला की खडकावरचं हाउकेउके, म्हणजे समुद्री साळू, भरलेलं मिळतं. हाला हा आपल्या केवड्याचा नातलग. झाडाकडे बघून समुद्रात काय आहे ते ओळखायचं. माझ्या वहीत दीड वर्षात असं एकच वाक्य तयार झालंय: शेजारच्यांचा आंबा मोहरला की आमच्या गॅलरीत मुंग्या.

विमानतळावरून

नमस्कार, नेहमी वाचनमात्र असतो. पुढच्या महिन्यात मुलीकडे होनोलुलूला येतोय, वाइकीकीला उतरणार. ते जेलीफिशचं वाचून बायको घाबरली आहे. तारखा कशा काढायच्या?

समुद्रकाठी

काका, सोपं आहे. पौर्णिमेची तारीख इथल्या कॅलेंडरची घ्या, भारतातली घेऊ नका, एक दिवस चुकू शकतो. त्यात आठ, नऊ, दहा मिळवा. ते तीन दिवस काकूंना वाळूवर बसवा किंवा बेटाच्या उत्तरेला फिरायला न्या. आधी-नंतर एखादा दिवस इकडेतिकडे होतो, म्हणून किनाऱ्यावरचा फलक बघितल्याशिवाय उतरू नका. आणि काने रात्री कुणी 'बाहेर फिरू नका, पूर्वजांचे योद्धे मशाली घेऊन चालतात' असं सांगितलं, तर हसू नका. मी तरी हसत नाही, खिडकी लावून घेते.

शंकासुर

प्रयोग केला. एका कुंडीत मेथी ओलेला, दुसऱ्या कुंडीत हुआला. माती तीच, पाणी तेवढंच. निकाल: हुआची कुंडी मांजरीने उकरली. ओलेची भाजी काल झाली.

नागपुरी_संत्रं

मी पण वही केली. काल गच्चीवर गेलो, कोर दिसायला हवी होती. मावळतीला धूळ आणि समोर नवीन बांधकामाचा टॉवर. शेजारचे आजोबा वर आले, काय बघतोस म्हणाले. सांगितलं. ते म्हणाले त्यांच्या लहानपणी बीजेचा चंद्र दिसला की धोतराचा दोरा काढून चंद्राला वाहायचे, 'जुनं घे, नवं दे' म्हणत. अर्धा तास आम्ही दोघं टॉवरकडे बघत उभे. वहीत काय लिहू?

समुद्रकाठी

टॉवर लिहा. दिशेसकट. मी काल पाली ओलांडून गेले होते, क्षितिजावर ढगांचा पट्टा, दोन मिनिटं फट पडली. मुलगा म्हणतो दिसली, मला नाही दिसली. हिलो की मुकू यावर गाडीत घरी येईपर्यंत वाद. वहीत त्याच्या नावाने हिलो लिहिलीय, माझ्या नावाने ढग. आणि आजोबांना विचारा ना, दोरा वाहताना आणखी काय म्हणायचे? त्यांच्याच शब्दांत लिहा इथे.